न्यायाधीशाचा पगार



आपल्या गावात गुरुजींना पगार किती, तलाठ्याला काय मिळतं, ग्रामसेवकाच्या हातात महिन्याकाठी किती पडतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पारावर याची चर्चा होते. सोयरीक जमवायची झाली, तर पहिली चौकशी पगाराचीच होते. पण तालुक्याच्या कोर्टात जे न्यायाधीश बसतात, ज्यांच्यासमोर आपल्या बांधाचा, वाटणीचा, पोटगीचा दावा चालतो, त्यांना पगार किती, असं विचारलं तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. कुणी म्हणतं, "लाखात असेल." कुणी हसून म्हणतं, "त्यांना पगाराची काय गरज?"

हे दुसरं उत्तर थट्टेवारी नेण्यासारखं नाही. न्यायासनावर बसणारा माणूस पगारावर जगत नसेल असं ज्या गावाला वाटतं, त्या गावातला गरीब माणूस कोर्टात जायच्या आधीच हरलेला असतो. म्हणून न्यायाधीशाला किती मिळतं, ते कुठून मिळतं आणि त्याच्याशी तुमचा-आमचा संबंध काय, या तीन गोष्टी आज मी सांगणार आहे.

प्रथम, कोण कोण ते पाहू. तालुक्याच्या गावी जे न्यायाधीश असतात, त्यांच्याकडे बहुधा दोन कामं असतात. जमीनजुमला, देणं-घेणं, वाटणी असे दिवाणी दावे ते चालवतात, तेव्हा ते 'दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर' असतात. मारामारी, चोरी, फसवणूक असे फौजदारी खटले चालवतात, तेव्हा तेच 'प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी', म्हणजे आपल्या बोलण्यातले मॅजिस्ट्रेट असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे त्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड करता येतो. त्यांच्यावर वरिष्ठ स्तराचे दिवाणी न्यायाधीश, त्यांच्यावर जिल्हा न्यायाधीश, मग मुंबईचं उच्च न्यायालय आणि सर्वांत वर दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. तहसीलदारसाहेबही दंडाधिकारी असतात. पण ते कार्यकारी दंडाधिकारी. गावात तंटा होऊ नये म्हणून जामीन लिहून घेणं, शांतता राखणं, ही त्यांची कामं. चोरी केली की नाही, शिक्षा किती, हे ठरवणं त्यांच्याकडे नाही. पूर्वी मात्र तसं नव्हतं. सारा वसूल करणारा महसुली अधिकारीच फौजदारी खटलेही चालवत असे. म्हणजे ज्यानं सारा मागायचा, त्यानंच तुरुंगात धाडायचं. मुंबई राज्यात हे दोन अधिकार वेगळे करणारा कायदा १९५१ साली झाला. देशभर ही वाटणी १९७३ च्या फौजदारी संहितेनं झाली, आणि ती संहिता १९७४ पासून अमलात आली.

आता आकडे सांगतो. शिक्षक मित्रांनी कागद-पेन्सिल जवळ घ्यावी.

हे आकडे १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या वेतनाचे आहेत. कनिष्ठ स्तराचा न्यायाधीश नोकरीत लागतो तेव्हा त्याचं मूळ वेतन महिन्याला ७७,८४० रुपये. वरिष्ठ स्तराच्या न्यायाधीशाची सुरुवात १,११,००० रुपयांपासून. जिल्हा न्यायाधीशाची सुरुवात १,४४,८४० रुपयांपासून. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला २,२५,००० रुपये. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांना २,५०,००० रुपये. आणि भारताच्या सरन्यायाधीशांना २,८०,००० रुपये. हे झालं मूळ वेतन. महागाई भत्ता, राहायला घर किंवा घरभाडं हे वेगळं. आणि या वेतनावर इतर नोकरदारांप्रमाणेच प्राप्तिकरही कापला जातो.

तुमच्यापैकी कित्येकांच्या मनात आता दुसरा हिशेब सुरू झाला असेल. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ साली दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. वर्षातले शंभर दिवस काम मिळालं, तर ३१,२०० रुपये झाले. म्हणजे मजुराच्या शंभर दिवसांच्या घामाचं मोल कोर्टातल्या सर्वांत धाकट्या न्यायाधीशाच्या एका महिन्याच्या मूळ वेतनाच्या निम्मंसुद्धा होत नाही. हे अंतर मोठं आहे. ते झाकून पुढं बोलण्यात अर्थ नाही. मग त्या मजुरानं विचारावं हे रास्तच आहे, की "बाबांनो, एवढा पैसा त्यांना कशासाठी?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला थोडं मागं जावं लागेल.

न्याय देणाऱ्याचं पोट कशावर भरावं, हा प्रश्न फार जुना आहे. मराठेशाहीत दाव्याचा निकाल लागला की जिंकणाऱ्यानं हरकी द्यायची आणि हरणाऱ्यानं गुन्हेगारी भरायची, अशी रीत होती. हा पैसा सरकारात जमा व्हायचा. जिंकलेल्याचा आनंद आणि हरलेल्याचा अपराध, दोन्हींतून सरकारला उत्पन्न. पुढं कंपनी सरकारचा अंमल आला. कंपनीच्या नोकरांना पगार तुटपुंजा, आणि वरकमाई मात्र रग्गड. १७९३ साली लॉर्ड कॉर्नवॉलिसनं बंगालमध्ये नवे कायदे केले. वसुलीचं काम आणि न्यायाचं काम वेगळं केलं, आणि वरच्या गोऱ्या अंमलदारांचे पगार चांगले वाढवले. त्यामागचा विचार सरळ होता. पोटापुरतं दिलं नाही, तर माणूस हात पसरणारच. पण खालच्या देशी मुनसफांना हा न्याय लागू केला नाही. त्यांना पगार नव्हता. दाव्याच्या रकमेवर ठरलेली फी हीच त्यांची कमाई. आता विचार करा. दाव्यांवर ज्याचं पोट, त्याला गावातले तंटे मिटावेत असं कसं वाटेल? तंटा वाढला की त्याचं बरं.

आज असं नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तुम्ही दाव्याला जो कोर्ट-फीचा स्टँप लावता, त्यातला एक पैसाही न्यायाधीशाकडे जात नाही. मॅजिस्ट्रेटनं पाच हजार दंड ठोठावला काय आणि पाचशे ठोठावला काय, त्याच्या पगारात फरक पडत नाही. आरोपी सुटला तरी पगार तोच, अडकला तरी तोच. निकाल कुणाच्या बाजूनं लागला, याच्याशी ज्याच्या पगाराचा संबंध नाही, असाच माणूस तराजू सरळ धरू शकतो. न्यायाधीशाला ठरावीक पगार देण्याचं हे पहिलं कारण.

इथं कुणीतरी रामशास्त्र्यांचं नाव काढील, आणि काढायलाच हवं. माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे पेशव्यांच्या दरबारी न्यायाधीश होते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा त्यांनी खुद्द राघोबादादांना दोषी ठरवलं आणि पुणं सोडलं. त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांच्या पत्नीला वाड्यात दागिन्यांनी मढवून पालखीतून परत पाठवलं, तेव्हा "या बाई आमच्या घरच्या नव्हेत, पालखी घर चुकली," असं शास्त्रीबुवा म्हणाले, अशी एक कथा सांगतात. मग तुम्ही म्हणाल, रामशास्त्र्यांना कुठं लाखांचा पगार होता? सचोटी काय पगारानं येते?

नाही येत. सचोटी बाजारात मिळत नाही, हे खरंच आहे. भरपूर पगार घेऊन लाच खाणारी माणसं आपण पाहतो, आणि अर्धपोटी राहून दुसऱ्याच्या काडीला हात न लावणारीही पाहतो. पण श्रोतेहो, रामशास्त्री शंभर वर्षांत एखादा निपजतो, आणि तालुका-कोर्टं तर हजारो चालवायची असतात. गावाची विहीर बांधताना आपण तिला कठडा घालतो तो काय सगळेच तोल जाऊन पडतात म्हणून? कठडा असला की साध्या माणसालाही निर्धास्तपणे पाणी शेंदता येतं. पगाराचं तसंच आहे. चांगल्या माणसाला तो चांगलं राहू देतो. मुलाच्या शाळेची फी, आईचं औषधपाणी, यासाठी त्याला कुणा सावकाराचा उंबरा झिजवावा लागू नये. कारण त्याच सावकाराचा दावा उद्या त्याच्यासमोर यायचा असतो.

आता दुसरी गोष्ट, पगार येतो कुठून. माझ्या मते किती मिळतं यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. घरात ज्याच्या हातात कोठीची किल्ली, त्याचा शब्द चालतो. न्यायाधीशाच्या पगाराची किल्ली मंत्र्याच्या हातात असली, तर सरकारविरुद्ध निकाल देताना लेखणी अडखळेल. तुमची जमीन सरकारनं धरणाखाली घेतली आणि मोबदला कमी दिला, म्हणून तुम्ही कोर्टात गेलात. समोरचा पक्ष सरकार. न्यायाधीशाचा पगार देणारंही सरकार. मग?

इंग्लंडात हा प्रश्न राजाच्या बाबतीत उभा राहिला होता. १७०१ सालच्या कायद्यानं तिथं ठरवलं, की न्यायाधीशाचं वेतन निश्चित असावं आणि राजाच्या लहरीनं त्याला काढता येऊ नये. आपल्या घटनाकारांनी याच विचारानं आणखी पक्की तजवीज केली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन भारताच्या संचित निधीवर बांधलेलं आहे, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं राज्याच्या संचित निधीवर. संचित निधी म्हणजे सरकारची मोठी तिजोरी. अंदाजपत्रकातल्या इतर खर्चावर लोकसभेत आणि विधानसभेत मतदान होतं. या वेतनावर चर्चा करता येते, पण मतदान होत नाही. एखाद्या निकालानं सत्ताधारी पक्ष कितीही चिडला, तरी "यंदा यांचा पगार नामंजूर" असं त्याला करता येत नाही. नेमणूक झाल्यावर न्यायाधीशाचे भत्ते, रजा, निवृत्तिवेतन यांत त्याच्या नुकसानीचा बदलही करता येत नाही. एकच अपवाद घटनेत ठेवला आहे, आर्थिक आणीबाणीचा. तशी आणीबाणी पुकारली, तर न्यायाधीशांचेही पगार कमी करता येतील.

पण नुसत्या पगाराच्या हमीनं भागत नाही, हे आपल्याच मातीतलं उदाहरण सांगतं. महादेव गोविंद रानडे १८७१ साली पुण्यात सबजज्ज झाले. पगार आठशे रुपये. त्या काळात ही मोठी रक्कम. पण रानड्यांचं सार्वजनिक सभेतलं काम सरकारच्या डोळ्यांत सलत होतं. सरकारनं त्यांचा पगार कापला नाही. १८७८ साली त्यांना नाशिकला धाडलं. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंतांच्या बंडानं सरकार हादरलं, आणि रानड्यांना तिथूनही उचलून धुळ्याला पाठवलं. पगार शाबूत, पण माणूस दूर. पुढं १८९३ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, ही गोष्ट वेगळी. म्हणूनच आजच्या घटनेत तालुका आणि जिल्हा न्यायाधीशांच्या बदल्या, रजा, चौकशी हे सगळं उच्च न्यायालयाच्या ताब्यात दिलेलं आहे. तुमच्या तालुक्याच्या न्यायाधीशाची बदली आमदारसाहेबांच्या चिठ्ठीनं व्हायची नाही, असा कायदा आहे.

आता तिसरी गोष्ट. पगार कमी करायचा नाही म्हटलं, तरी महागाई तो गुपचूप कमी करतेच. हे शेतकऱ्याला सांगायला नको. २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली, तेव्हा सरन्यायाधीशांना महिना ५,००० रुपये, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना ४,०००, आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना ३,५०० रुपये वेतन घटनेतच लिहिलेलं होतं. घटनेत लिहिलेलं, म्हणजे दगडावरची रेघ. ते बदलायला घटनादुरुस्तीच हवी. ती झाली १९८६ साली. मधे किती वर्षं गेली? छत्तीस. या छत्तीस वर्षांत हा आकडा रुपयानंही वाढला नाही.

आता आपल्याला समजेल असा हिशेब करू. १९५० च्या सुमारास दहा ग्रॅम सोन्याचा भाव शंभर रुपयांच्या आसपास होता. दहा ग्रॅमचा तोळा धरला, तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या महिन्याच्या वेतनात पस्तीस तोळे सोनं यायचं. १९८६ साली भाव दोन हजारांच्या वर गेला होता. तेव्हा त्याच ३,५०० रुपयांत पावणेदोन तोळेही येईनात. कुणी पगाराला हात लावला नव्हता. पस्तीस तोळ्यांचे पावणेदोन तोळे मात्र झाले होते. न्यायाधीशानं सोनं घ्यावं असं नव्हे, पण भाजी, धान्य, भाडं हेही सोन्याबरोबर चढत होतंच. याचा परिणाम काय व्हायचा? नामांकित वकील न्यायासनावर बसायला मागंपुढं पाहणार. वकिलीत चार पैसे मिळतात, मग न्यायाधीश होऊन तंगी कुणी ओढवून घ्यावी? शिवाय घटनेनं आणखी एक बंधन घातलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश निवृत्त झाल्यावर देशातल्या कुठल्याच कोर्टात वकिली करू शकत नाही. उच्च न्यायालयाचा कायम न्यायाधीश जिथं बसला, तिथं आणि खालच्या कोर्टांत करू शकत नाही. म्हणजे मागची वाट बंद.

१९८६ नंतर वेतन ठरवण्याचं काम संसदेच्या कायद्याकडे आलं. त्या वर्षी उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ८,००० रुपये झाले. १९९६ पासून २६,०००, २००६ पासून ८०,०००, आणि २०१६ पासून २,२५,०००.

हे झालं वरच्यांचं. पण खेड्यातल्या माणसाचा संबंध येतो तो तालुक्याच्या न्यायाधीशाशी. आणि सर्वांत जास्त आबाळ झाली ती त्याचीच. त्याच्या वेतनाला घटनेनं संचित निधीचा आधार दिलेला नाही. राज्य सरकार देईल ते घ्यायचं. एका राज्यात एक पगार, शेजारच्या राज्यात दुसरा. कुठं राहायला घर नाही, कुठं कायद्याची पुस्तकं नाहीत. शेवटी १९८९ साली न्यायाधीशांच्या अखिल भारतीय संघटनेलाच सर्वोच्च न्यायालयात दाद मागावी लागली. न्याय देणाऱ्यांवर न्याय मागायची वेळ आली! १९९१ आणि १९९३ साली निकाल झाले. त्यांत न्यायालयानं एक मुद्दा स्पष्ट केला, की न्यायाधीश हा सरकारी कचेरीतल्या नोकरासारखा नोकर नव्हे. कायदे करणारे आमदार, कारभार करणारे मंत्री, तसाच न्याय करणारा न्यायाधीश. तिघंही राज्याची सत्ता वापरतात. तेव्हा त्याचा पगार कारकुनी फूटपट्टीनं मोजू नये.

मग १९९६ साली न्यायमूर्ती जगन्नाथ शेट्टी यांच्या अध्यक्षतेखाली पहिला राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग नेमला गेला. त्याच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली मान्य केल्या, आणि सर्वांत धाकट्या न्यायाधीशाचं सुरुवातीचं वेतन ९,००० रुपये झालं. पुढं न्यायमूर्ती पद्मनाभन समितीनं ते २७,७०० वर नेलं. २०१७ साली न्यायमूर्ती पी. वेंकटराम रेड्डी यांचा दुसरा आयोग आला. त्यानं आधीच्या आकड्याला सुमारे २.८१ नं गुणलं आणि ७७,८४० हा आकडा निघाला. शिक्षकांनी वर्गात मुलांकडून हा गुणाकार करून घ्यायला हरकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये तो मान्य केला आणि थकलेली रक्कम राज्यांनी हप्त्याहप्त्यानं द्यावी असा आदेश दिला.

यावर एक टोमणा हमखास ऐकू येतो. "वाढपी घरचा असला की ताट भरलेलंच!" म्हणजे न्यायाधीशांनीच न्यायाधीशांचे पगार वाढवून घेतले. टोमणा अगदीच बिनबुडाचा नाही, म्हणून त्याचं उत्तर द्यायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं खालच्या न्यायाधीशांच्या वेतनाचा निकाल दिला, स्वतःच्या नव्हे. स्वतःचं वेतन ठरवतं ते तुम्ही निवडून दिलेली संसद. पण टोमण्यामागची भावना खरी आहे. पगार घेणाऱ्यानं हिशेबही द्यावा, असं लोकांना वाटतं. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी आपल्या वागणुकीची एक नियमावली स्वतःहून मान्य केली, आणि मालमत्तेची माहिती सरन्यायाधीशांना द्यायचं ठरवलं. सुरुवातीला लोकांना ती दिसत नव्हती. मे २०२५ मध्ये त्यांतल्या बऱ्याच न्यायाधीशांच्या मालमत्तेची विवरणं न्यायालयाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना पाहण्यासाठी ठेवली गेली. हे पाऊल उशिरा पडलं, पण योग्य दिशेनं पडलं.

दुसरी तक्रार याहून कळकळीची आहे. "पगार वाढला, पण आमच्या तारखा कुठं कमी झाल्या? आजानं लावलेला दावा नातू चालवतोय." हे खरं आहे, आणि पगार वाढवून यावर इलाज होत नाही. एकाच बैलाला कितीही सरकी-पेंड घातली, तरी दहा एकर नांगरट तो एका दिवसात करणार नाही. बैलजोड्याच वाढवाव्या लागतात. २००२ च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश असावेत आणि ते पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं व्हावं. २०२४ साली, मंजूर असलेली सगळी पदं भरली आहेत असं धरलं, तरी हा आकडा एकवीसच्या आसपासच होता. म्हणून तुमच्या आमदाराला, खासदाराला विचारायचं असेल, तर "न्यायाधीशाला एवढा पगार का?" यापेक्षा "आमच्या तालुक्यातली न्यायाधीशाची खुर्ची रिकामी का?" हे विचारा. रिकाम्या खुर्चीचा पगार वाचतो खरा, पण त्याची किंमत पक्षकार मोजतो. एका तारखेला एसटीचं भाडं, वकिलाची फी आणि बुडालेली मजुरी. दोन वर्षांच्या तारखांचा हिशेब मांडून पाहा.

आता सर्वांत कामाचं सांगतो. कोर्टाच्या आवारात, चहाच्या टपरीवर काही माणसं फिरत असतात. खेड्यातला भोळा पक्षकार दिसला की कानाशी लागतात. "साहेबांपर्यंत पोचवावे लागतील. पंधरा द्या, निकाल तुमचा." पक्षकार बैल विकतो, बायकोची पोत गहाण टाकतो आणि पैसे देतो. पुष्कळ वेळा हे पैसे साहेबांपर्यंत जातच नाहीत. दलाल दोन्ही पक्षांकडून घेतो. एकजण तर जिंकणारच. त्याचे ठेवून घेतो, हरलेल्याला "समोरच्यानं जास्त दिले" असं सांगून वाटेला लावतो. त्यात त्याचं काहीच जात नाही. जातो तो पक्षकाराचा बैल आणि न्यायाधीशाचं नाव.

म्हणून ध्यानात ठेवा. न्यायाधीशाचा पगार तुम्ही आधीच भरलेला आहे. काडेपेटी घेताना, डिझेल भरताना, खताची गोणी घेताना जो कर तुम्ही देता, त्यातून तो जातो. पुन्हा कुणाच्या हातावर काही ठेवायचं कारण नाही. देणाराही कायद्यानं गुन्हेगार ठरू शकतो. न्यायाधीशाबद्दलच खरी तक्रार असेल, आणि तशी असू शकते, तर ती टपरीवर बोलू नका. सही करून, पुराव्यासह, जिल्ह्याच्या प्रमुख न्यायाधीशांकडे किंवा उच्च न्यायालयाच्या प्रबंधकांकडे पाठवा.

आणि वकिलाला द्यायला पैसे नसले, तरी दलालाकडे जाऊ नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग, कैदी यांना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चानं वकील मिळतो. ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असणाऱ्या इतरांनाही मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. लोकन्यायालयात दावा मिटला, तर भरलेली कोर्ट-फीसुद्धा परत मिळते.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला आपण मुलांकडून न्यायमंडळाची कलमं पाठ करून घेतो. त्यांना एकदा तालुक्याच्या कोर्टात घेऊन जा. कोर्ट बहुधा सर्वांसाठी उघडं असतं. मागच्या बाकावर शांत बसून त्यांना पाहू द्या. पुढं उभा असलेला माणूस बागायतदार असो की मजूर, वरचा माणूस दोघांचंही ऐकून घेतो आणि लिहून घेतो. मग वर्गात आल्यावर विचारा, की वरच्या माणसाला पगार द्यायचा झाला, तर तो त्या बागायतदाराकडून द्यावा, मंत्र्याच्या मर्जीनं द्यावा, की सगळ्यांच्या तिजोरीतून द्यावा? मुलं बरोबर उत्तर देतील. आपल्या घटनेनंही तेच उत्तर दिलेलं आहे.

तेव्हा न्यायाधीशाचा पगार ही त्याला दिलेली बक्षिसी नव्हे. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांपैकी जो दुबळा असेल, त्याच्यासाठी सगळ्या गावानं मिळून राखलेली ती तजवीज आहे. ती नीट राखली जाते की नाही, ते पाहणं आपलं काम.